राष्ट्रपतींची अनुमती मिळालेला राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्यापुढे कधी टिकतो?

टिपणवही (प्रश्न)

विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षासाठी अनुच्छेद २५४ वर टिपण तयार करायचं आहे. पाठ्यपुस्तकं हा भाग चार ओळींत उरकतात: समवर्ती सूचीतल्या (म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा) विषयावर संसदेचा आणि राज्याचा कायदा एकमेकांच्या आड आले तर संसदेचा चालतो, पण राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं गेलं आणि त्याला अनुमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो.

निकाल वाचायला घेतले की हे इतकं सरळ राहत नाही. झवेरभाई अमाइदास (१९५४) प्रकरणात मुंबईच्या कायद्याला गव्हर्नर जनरलची अनुमती होती, तरी तो पडला. कैसर-ए-हिंद (२००२) प्रकरणात मुंबई भाडे कायद्याच्या मुदतवाढीला राष्ट्रपतींची अनुमती होती, तरी केंद्राचा कायदा वरचढ ठरला. पश्चिम बंगालचा गृहनिर्माण कायदा तर केंद्राच्या रेराची (स्थावर संपदा विनियमन व विकास अधिनियमाची) जवळजवळ नक्कल होता, म्हणजे विरोध असा काहीच नव्हता, तरी २०२१ मध्ये तो रद्द झाला. मकोका (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम) मात्र टिकला.

मग एखादा कायदा हातात आल्यावर कोणत्या क्रमाने तपासायचं? आणि अनुमती आहे की नाही, असल्यास नेमकी कशासाठी, हे कुठे सापडतं?

---

सातवी_अनुसूची

सगळ्यात मोठी चूक होते ती थेट २५४ पासून सुरुवात करण्यात. २५४ ची पाळी शेवटी येते. आधी २४६ वाचा आणि त्यातली शब्दरचना नीट बघा. २४६(१) मध्ये संघ सूचीबाबत संसदेला दिलेला अधिकार '(२) आणि (३) मध्ये काहीही असले तरी' असा आहे. राज्य सूचीबाबत राज्याला दिलेला अधिकार मात्र (१) आणि (२) च्या 'अधीन राहून' आहे. म्हणजे वाद संघ सूची विरुद्ध राज्य सूची असा असेल तर त्याचा निवाडा इथेच, २४६ मध्येच होतो. २५४(२) ची अनुमती तिथे कामाला येत नाही. संघ सूचीतल्या विषयावर राज्याने कायदा केला आणि राष्ट्रपतींनी त्यावर सही केली, तरी तो अधिकाराबाहेरचाच राहतो. अनुमतीने विसंगती झाकली जाते, नसलेला अधिकार मिळत नाही. होएख्स्ट फार्मास्युटिकल्स (१९८३) निकालात हे स्वच्छ मांडलंय: २५४ चा प्रश्न दोन्ही कायदे समवर्ती सूचीत बसत असतील तेव्हाच उभा राहतो.

म्हणून पहिला टप्पा: कायदा कोणत्या नोंदीखाली, म्हणजे सूचीतल्या कोणत्या क्रमांकाच्या विषयाखाली, येतो? इथे कायद्याचं नाव बघून ठरवू नका. उद्देशिका, व्याख्या आणि प्रत्यक्ष बंधन घालणारी कलमं वाचून त्याचा गाभा काय आहे ते ठरवायचं. तुम्ही मकोकाचं नाव काढलंत, तो याच टप्प्यावर टिकला. त्याची कलमं १३ ते १६ दूरध्वनी आणि इतर संदेश चोरून ऐकण्याची परवानगी देतात. संदेशवहन हा संघ सूचीतल्या ३१ व्या नोंदीचा विषय, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमं रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये भरत शांतिलाल शहा प्रकरणात ती परत उभी केली. कारण असं की कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारी हा आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था आणि फौजदारी कायदा यांत बसतो. त्या ओघात दुसऱ्या सूचीला थोडा धक्का लागला तर तेवढ्याने कायदा पडत नाही. त्याच निकालात कलम २१(५) मधले 'किंवा अन्य कोणत्याही अधिनियमाखाली' हे शब्द मात्र गेले. ते मूलभूत हक्कांच्या कसोटीवर गेले, सूचीच्या नव्हे. टिपणात हे वेगळं दाखवा, कारण मुलं 'अनुमती होती म्हणून मकोका टिकला' असं सर्रास लिहितात.

दुसरा टप्पा: राज्य सूचीतल्या नोंदीच्या शेवटी काय जोडलेलं आहे ते वाचा. नोंद २४ 'उद्योग' अशी वाटते, पण ती संघ सूचीच्या ७ आणि ५२ च्या अधीन आहे. नोंद १७ 'पाणी', पण संघ सूचीच्या ५६ च्या अधीन. नोंद २३ 'खाणी', पण संघ सूचीच्या ५४ च्या अधीन. आणि ५२ किंवा ५४ आपोआप लागू होत नाहीत. लोकहितासाठी संघाचं नियंत्रण आवश्यक आहे, असं संसदेने कायद्यात घोषित करावं लागतं. १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) अधिनियमाचं कलम २ आणि १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाचं कलम २ ही अशी घोषणा आहे. ती नसेल, किंवा ज्या मर्यादेपर्यंत आहे त्याच्या पलीकडे, राज्याचं क्षेत्र शाबूत राहतं.

हे दोन टप्पे ओलांडून दोन्ही कायदे समवर्ती सूचीत आले की मग २५४ उघडायचं.

---

खटलेवाचक

वरच्या उत्तराला पुढे जोडतो. २५४ मध्ये विसंगती तीन प्रकारे ठरते. एक, सरळ विरोध: एक कायदा कर म्हणतो, दुसरा करू नको म्हणतो. दोन, संसदेने त्या विषयाची संपूर्ण संहिताच केली आहे, म्हणजे राज्याला जागाच ठेवलेली नाही. तीन, दोघांनी एकाच विषयावर कायदा केलाय. मुलांना पहिला प्रकार समजतो, दुसरा-तिसरा निसटतो. बंगालचं प्रकरण शिकवायला सगळ्यात चांगलं आहे ते याचसाठी.

संसदेचा रेरा २०१६ चा. बंगालने २०१७ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण उद्योग विनियमन कायदा केला, राष्ट्रपतींची अनुमती न घेता. बहुतेक कलमं शब्दशः रेराची. फरक थोडे, पण बोचणारे: अनिवार्य संकटाच्या (force majeure) व्याख्येत विहित करता येईल अशी 'इतर परिस्थिती' घुसवलेली, 'गॅरेज'ची व्याख्या वेगळी, आणि भरपाई ठरवणाऱ्या निर्णय अधिकाऱ्याची तरतूद गाळलेली. राज्याचं म्हणणं होतं की घरबांधणी हा उद्योग आहे, म्हणून राज्य सूचीची नोंद २४. न्यायालयाने ते मानलं नाही. करार आणि मालमत्ता हस्तांतरण, म्हणजे समवर्ती ६ आणि ७. दुसरं म्हणणं: रेराचं कलम ८८ म्हणतं की हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, मग आमचाही चालू द्या. त्यावर उत्तर असं की पूरक म्हणजे शेजारी उभा असलेला वेगळ्या विषयाचा कायदा. तीच यंत्रणा पुन्हा उभारणारा जुळा कायदा नव्हे. नक्कल हीच विसंगती ठरली. ४ मे २०२१ ला कायदा रद्द झाला, पण तोवर झालेल्या नोंदण्या आणि आदेश अनुच्छेद १४२ खाली (पूर्ण न्यायासाठी आदेश देण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारात) वाचवले गेले, नाहीतर घर घेणारे हकनाक अडकले असते. बंगालचा १९९३ चा जुना कायदाही उठून बसला नाही, कारण रेरामुळे तो आधीच गर्भितपणे, म्हणजे नाव न घेता, निरसित (रद्द) झाला होता.

महाराष्ट्राची उलटी बाजू याच्या शेजारी ठेवा. आपला २०१२ चा गृहनिर्माण (विनियमन व विकास) अधिनियम राष्ट्रपतींची अनुमती घेऊन झाला होता. रेराच्या कलम ९२ ने तो नाव घेऊन निरसित केला. २५४(२) च्या परंतुकात ('परंतु' म्हणून जोडलेल्या अपवादात) संसदेला हा अधिकार आहे: अनुमती मिळालेल्या राज्याच्या कायद्यात ती नंतर भर घालू शकते, तो बदलू शकते, निरसित करू शकते. अनुमती हे कायमचं कवच नाही. अनुमतीच्या वेळी जो केंद्रीय कायदा होता, त्याच्यापुरतं ते आहे.

आज महारेरा (महाराष्ट्राचं स्थावर संपदा प्राधिकरण) चालतं ते केंद्राच्या अधिनियमाखाली. राज्याने त्यात केले ते कलम ८४ खालचे नियम. नियम म्हणजे राज्याचा कायदा नव्हे. ते मूळ अधिनियमाशी जुळतात का एवढंच बघायचं, २५४ तिथे आणू नका. वकिलांच्या अर्जांतही हा गोंधळ दिसतो.

झवेरभाई प्रकरण परंतुकाचंच आहे. १९४६ च्या अत्यावश्यक पुरवठा कायद्यात कलम ७ खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. मुंबईने १९४७ च्या ३६ व्या कायद्याने ती सात वर्षांपर्यंत नेली आणि गव्हर्नर जनरलची अनुमती घेतली. तिथवर ठीक. पुढे १९५० मध्ये संसदेने अख्खं कलम ७ नव्याने घातलं. धान्याचा गुन्हा वेगळा, कापडाचा वेगळा, परवानगीच्या दुपटीहून जास्त साठा असेल तर शिक्षा जास्त, अशी श्रेणी लावली. पुढे विनापरवाना ज्वारी नेल्याच्या खटल्यात कोणत्या कायद्याची शिक्षा लागू, हा प्रश्न आला. मुंबईचा कायदा लागू आहे, असं म्हणणारा इथे आरोपी होता, कारण सात वर्षांची शिक्षा धरली तर दंडाधिकाऱ्याला खटला चालवता आला नसता; त्याच्या बाजूचा मुद्दा असा की वाढीव शिक्षा हा वेगळा विषय आहे. न्यायालय म्हणालं, विषय तोच, संसदेने त्यावर नंतर कायदा केला, मुंबईची तरतूद गेली. १९५० च्या दुरुस्तीत मुंबईच्या कायद्याचं नावसुद्धा नव्हतं. म्हणून तारखा लावताना केंद्राचा मूळ कायदा कधीचा, एवढं पुरत नाही. त्याच कलमाची शेवटची दुरुस्ती कधीची, ते काढा.

---

टिपणवही

हे फार उपयोगी आहे, दोघांचेही आभार. कैसर-ए-हिंदबद्दल आणि कागदपत्रांबद्दल कोणी सांगेल का? शिवाय नोंदीला 'अधीन' असं काही जोडलेलं नसेल तर केंद्राला त्यात शिरताच येत नाही का? मद्यार्काचा २०२४ चा निकाल त्यावरच आहे असं वाचलंय.

---

राजपत्रवाचक

कैसर-ए-हिंद सगळा कागदपत्रांवरच फिरला, म्हणून एकत्रच सांगते.

मुंबई भाडे कायदा १९४७ चा, मुदतीचा. दर वेळी मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवायचं आणि मुदतवाढीचा कायदा राष्ट्रपतींकडे जायचा. मधल्या काळात, १९७१ मध्ये, संसदेने सार्वजनिक जागांतून अनधिकृत भोगवटादारांना काढण्याचा कायदा केला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या जागेतल्या भाडेकरूंना त्याखाली नोटिसा निघाल्या. भाडेकरूंचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: १९७१ नंतरही मुदतवाढीला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली आहे, म्हणजे २५४(२) खाली भाडे कायदा वरचढ. घटनापीठाने राज्याने केंद्राला पाठवलेला प्रस्ताव मागवून पाहिला. अनुमती मागितली होती ती मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय अधिनियम, या दोन १८८२ च्या कायद्यांशी असलेल्या विसंगतीसाठी. १९७१ च्या कायद्याचा त्यात उल्लेखच नव्हता. न्यायालयाने 'राष्ट्रपतींच्या विचारार्थ' या शब्दांना वजन दिलं. ज्या विसंगतीकडे लक्षच वेधलं नव्हतं, तिचा विचार झाला असं धरता येत नाही. परिणाम असा की त्या दोन कायद्यांपुढे भाडे कायदा टिकतो, १९७१ च्या कायद्यापुढे नाही.

आता कुठे शोधायचं. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या असाधारण अंकात अधिनियम छापला जातो. शीर्षकाखाली कंसात एक ओळ असते, 'राष्ट्रपतींनी' किंवा 'राज्यपालांनी' अनुमती दिल्यानंतर अमुक तारखेला प्रथम प्रसिद्ध झालेला अधिनियम. तुम्हाला हवं ते पहिलं उत्तर या ओळीत आहे. राज्यपालांची अनुमती दिसली की २५४(२) चा मार्ग बंद, पुढे वाचण्याची गरज नाही. राष्ट्रपतींची दिसली तरी कोणत्या केंद्रीय कायद्यासाठी, हे त्या ओळीत नसतं. ते असतं विधेयक राखून ठेवताना राज्याने केंद्रीय गृह मंत्रालयाला पाठवलेल्या पत्रात आणि सोबतच्या टिपणीत: केंद्राचा कोणता कायदा, कोणतं कलम, कुठे विरोध, राज्याला वेगळी तरतूद का हवी. हे राजपत्रात येत नाही. न्यायालयात राज्याच्या प्रतिज्ञापत्रासोबत येतं, किंवा विधी व न्याय विभागाकडे माहिती अधिकारात मागावं लागतं. मागताना 'अनुमतीची प्रत' एवढंच लिहिलंत तर एका ओळीचा कागद मिळेल. 'राखून ठेवण्याच्या प्रस्तावाचं पत्र आणि तुलनात्मक तक्ता' असं लिहा.

अध्यादेशाची पायवाट वेगळी आहे. अनुच्छेद २१३ प्रमाणे, जे विधेयक राष्ट्रपतींकडे राखावं लागलं असतं त्या विषयावर राज्यपालांना आधी राष्ट्रपतींकडून सूचना घ्याव्या लागतात, आणि तशा घेतल्या असतील तर २५४ पुरता तो अनुमती मिळालेला कायदाच समजतात. पण अध्यादेशाच्या जागी विधेयक आलं की त्याला अनुमती पुन्हा घ्यावी लागते. अध्यादेशाची पुढे चालत नाही.

वेळेचं म्हणाल तर त्याचा नेम नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण (सुधारणा) विधेयक १९९५ मध्ये मंजूर झालं आणि अनुमती २०१५ च्या फेब्रुवारीत आली. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींसाठी तीन महिन्यांची मुदत घालून दिली होती, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने अनुच्छेद १४३ खालच्या अभिमतात (राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर दिलेल्या मतात) सांगितलं की न्यायालयाला असं वेळापत्रक लावता येणार नाही आणि अनुमती मिळाली असं गृहीतही धरता येणार नाही. एका निवडून आलेल्या विधिमंडळाचं विधेयक वीस वर्षं पडून राहावं आणि त्याला विचारणारं कोणी नसावं, ही या व्यवस्थेतली खरी दुखरी जागा आहे असं माझं ठाम मत आहे.

---

मळी_मद्यार्क

२०२४ च्या निकालाचं मी सांगतो. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांना तो थेट लागू होतो.

राज्य सूचीची नोंद ८ 'मादक मद्य', त्यात उत्पादन, बाळगणं, वाहतूक, खरेदी-विक्री सगळं येतं, आणि तिला 'अधीन' असं काही जोडलेलं नाही. उलट बाजूला संघ सूचीची ५२ आणि १९५१ चा उद्योग अधिनियम, ज्याच्या पहिल्या अनुसूचीत किण्वन उद्योग आहे. सिंथेटिक्स अँड केमिकल्स प्रकरणात सात न्यायाधीशांनी पूर्वी ठरवलं होतं की मादक मद्य म्हणजे पिण्याचं मद्य. औद्योगिक मद्यार्क केंद्राकडे. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ ने हे उलटवलं. न्या. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं.

बहुमताचा धागा असा. नोंद २४ ही उद्योगाची सर्वसाधारण नोंद. तिच्यात ५२ ला वाट ठेवलेली आहे. नोंद ८ ही विशेष नोंद, आणि ती कच्च्या मालापासून पिण्यापर्यंतची आख्खी साखळी धरते. संसदेने ५२ खाली घोषणा केली म्हणून ही विशेष नोंद रिकामी होत नाही. रेक्टिफाइड स्पिरिट, एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, डिनेचर्ड स्पिरिट यांचा पिण्यासाठी गैरवापर होऊ शकतो, म्हणून त्यांवर राज्याचं नियंत्रण चालतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: 'अधीन' नसलं म्हणून केंद्राला पूर्ण मज्जाव, असं नाही. २४६(१) चं वरचेपण आहेच. पण न्यायालय आधी दोन्ही नोंदी एकमेकींना जागा देतील असा अर्थ लावून पाहतं, आणि तो बसला तर वरचेपणाचा प्रश्नच येत नाही.

जीएसटी या चौकटीतच नाही. २४६क 'अनुच्छेद २४६ आणि २५४ मध्ये काहीही असले तरी' असं सुरू होतं, म्हणून तिथे २५४ चं टिपण लावू नका.

---

टिपणवही

शेवटचं एक. भारतीय न्याय संहिता आल्यावर राज्याने दंड संहितेत अनुमती घेऊन केलेल्या दुरुस्त्यांचं काय? मुलं हे हमखास विचारणार.

---

खटलेवाचक

महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. लोकसेवकावर कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बलप्रयोग, भारतीय दंड संहितेचं कलम ३५३. मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्राच्या २०१८ च्या ४० व्या अधिनियमाने ती पाच वर्षांपर्यंत नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला. ही दुरुस्ती दंड संहितेच्या पोटात घातलेली होती. १ जुलै २०२४ ला दंड संहिताच निरसित झाली, तेव्हा पोटातली दुरुस्तीही तिच्यासोबत गेली. न्याय संहितेचं कलम १३२ शिक्षा दोन वर्षांपर्यंतच सांगतं.

१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना व्यावृत्तीमुळे (निरसनानंतरही जुनी प्रकरणं जुन्या कायद्याखाली चालू ठेवणाऱ्या तरतुदीमुळे) जुनं कलम आणि राज्याची वाढीव शिक्षा लागू राहते. त्यानंतरच्या गुन्ह्याला जुनी दुरुस्ती दाखवून पाच वर्षं मागता येत नाहीत. राज्याला वाढीव शिक्षा हवी असेल तर न्याय संहितेत दुरुस्ती करणारं नवं विधेयक, ते राखून ठेवणं आणि नवी अनुमती, हाच रस्ता.

मकोकासारखा स्वतंत्र अधिनियम वेगळा. तो दंड संहितेच्या पोटात नाही, त्यामुळे निरसनाने जात नाही. त्यात दंड संहितेचा किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेचा उल्लेख असेल तिथे सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे नव्या संहितेचं संबंधित कलम वाचायचं. मात्र न्याय संहितेत आता कलम १११ 'संघटित गुन्हा' आहे. संसदेने त्याच विषयावर नंतर कायदा केला, हा झवेरभाईचा मुद्दा बचाव पक्ष मकोकाच्या खटल्यांत मांडू शकतो. मुलांना सराव म्हणून हाच प्रश्न द्या. मकोकाचं कलम ३ आणि न्याय संहितेचं कलम १११ शेजारी-शेजारी ठेवायला सांगा, व्याख्या आणि शिक्षा ओळीओळीने जुळवायला लावा, आणि मग विषय तोच आहे की नाही ते त्यांना ठरवू द्या.